बाबांची काच

'चालतं' हा शब्द ऐकला की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. भाजीवाल्याने म्हटला तरी जाते, लग्नातल्या आचाऱ्याने म्हटला तरी जाते. घरचे म्हणतात, तू फार तापट झालीस. झाले असेन. मी ज्या माणसाकडे नऊ वर्षं नोकरी केली त्याचं सगळं दुकानच या एका शब्दावर चालायचं.

वसईत माणिकपूरला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमची पॅथॉलॉजीची लॅब होती. खाली चपलांचं दुकान, शेजारी शिकवणीचा वर्ग. रक्त-लघवी तपासणारे गल्लोगल्ली होते, पण आमचे सर शरीरातून काढलेल्या गाठींचे तुकडे तपासायचे. डॉक्टर तो तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पाठवायचे. मी तो मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. सर मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहायचे. आम्ही त्या स्लाइडला नुसतं 'काच' म्हणायचो.

दोन हजार सालाच्या आसपास सरांनी एक नवी तपासणी सुरू केली. काही गाठींच्या पेशी नुसत्या रंगवून ओळखता येत नाहीत. त्यांच्यात एखादं ठरावीक प्रोटीन आहे की नाही, हे शोधावं लागतं. त्यासाठी कापावर अँटिबॉडीचा थेंब टाकायचा. ते प्रोटीन जिथे असेल तिथेच तो चिकटतो, आणि त्यावर पुढची रसायनं घातली की तेवढीच जागा तपकिरी होते. बाकी सगळं निळं राहतं. तपकिरी म्हणजे प्रोटीन आहे, निळं म्हणजे नाही. थेंब टाकायच्या आधी काप उकळून घ्यावे लागतात. त्याला आमच्याकडे साधा घरगुती कुकर होता, शिट्टीवाला. शिट्टी झाली की शिकवणीच्या बाई दारातून डोकावून विचारायच्या, "काय गं, आज काय बेत?" मी म्हणायचे, "फुप्फुसाची आमटी." तेव्हा असल्या विनोदाचं मला हसू यायचं.

या तपासणीचा एक नियम आहे आणि तो शाळेतल्या मुलालाही कळेल इतका सोपा आहे. दर खेपेला पेशंटच्या काचेबरोबर आणखी एक काच रंगवायची, जिच्यात ते प्रोटीन आहे हे आधीच माहीत आहे. तिला कंट्रोल म्हणतात. कंट्रोल तपकिरी झाली तर तुमचा थेंब जिवंत आहे, मग पेशंटच्या काचेवर विश्वास ठेवा. कंट्रोलही निळीच राहिली तर थेंब मेलाय, सगळं फेकून द्या आणि पुन्हा करा.

आमचे सर कंट्रोल फक्त नवी बाटली उघडली त्या दिवशी लावायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अगं, थेंब-थेंब महाग असतो. बाटली तीच, फ्रीज तोच, हात तुझाच. रोज रोज कशाला? चालतं."

फ्रीज तोच होता, पण वीज कुठे तीच होती? त्या वर्षांत वसई-विरारमध्ये लोडशेडिंगने लोकांचा जीव नकोसा केला होता. अँटिबॉडीच्या बाटल्या थंड राहाव्यात म्हणून उन्हाळ्यात मी मासळीबाजारातून पाटीवाल्या मावशींकडून बर्फ आणायचे आणि थर्मासच्या डब्यात भरून बाटल्या त्यात ठेवायचे. त्या मावशी चिडवायच्या, "आमच्याकडचा बरफ नेतीस नि पापलेट का न्हाय नेत?" एका मे महिन्यात सरांच्या पुतणीचं लग्न होतं म्हणून लॅब चार दिवस बंद होती. परत आले, फ्रीजरचं दार उघडलं, तर बर्फाच्या खड्यांची पिशवी एक अखंड दगड होऊन बसलेली. म्हणजे मधे सगळं वितळलं होतं आणि पुन्हा गोठलं होतं. बाटल्या किती तास, का किती दिवस उकाड्यात राहिल्या, कुणाला ठाऊक.

मी सरांना पिशवी नेऊन दाखवली. म्हटलं, "सर, ट्रान्सफॉर्मर गेला असणार. बाटल्या टाकून देऊ या. नाहीतर निदान कंट्रोल लावून बघू या."

त्यांनी बाटलीला हात लावून पाहिला. "आता थंड आहेत ना? मग चालतं."

आणि मी गप्प बसले. हे मी आज मोठ्या तोऱ्यात सांगतेय, पण तेव्हा मी ती पिशवी बेसिनमध्ये आपटून फोडली आणि कामाला लागले.

त्याच वर्षी गणपती झाल्यावर बाबांना खोकला लागला. आम्ही तेव्हा विरारला फुलपाड्यात राहायचो. बाबांनी सगळं आयुष्य मुंबईत छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवलेलं. ओळीतलं उलटं अक्षर लांबून ओळखायचे. निवृत्त झाल्यावरही वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेन्सिलीने खुणा करून ठेवायचे, आणि आई त्याच कागदावर शेंगा सोलायची म्हणून तिच्याशी भांडायचे. असा नेटका माणूस. एका सकाळी बेसिनपाशी उभे राहून मला हाक मारली आणि थुंकीतली रक्ताची रेघ दाखवली.

एक्स-रेत उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग निघाला. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि लगेच म्हणाले, टीबी. छातीचे डॉक्टर शहाणे होते. ते म्हणाले, "टीबी असेलही, पण कॅन्सर असला तर डाग अजून लहान आहे. आत्ता ऑपरेशन करून तेवढा भाग काढला तर हा माणूस जगेल. थांबलो तर हातातून जाईल. तुकडा काढून बघू."

त्यांनी नळी घालून तुकडा काढला. तो मुगाच्या डाळीएवढा तुकडा मीच बाटलीत घालून पर्समधून माणिकपूरला आणला.

सरांनी पहिली काच बघितली आणि म्हणाले, "काही पेशी संशयास्पद दिसतात. पण चिमट्यात दाबल्या गेल्यात. नुसत्या सुजेच्याही असतील. केराटिन लावून बघ." केराटिन हे ते प्रोटीन. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या बहुतेक पेशींत ते असतं, सुजेच्या पेशींत नसतं. म्हणजे त्या संशयास्पद पेशी तपकिरी झाल्या तर कॅन्सर, निळ्या राहिल्या तर सूज, आणि सूज म्हणजे आपल्याकडे बहुधा टीबी. टीबी बरा होतो.

काच मी स्वतः केली. कुकर लावला, थेंब टाकला, घड्याळ लावून बसले. सर यायच्या आधी मीच मायक्रोस्कोपला डोळा लावला. निळी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी. मला इतका आनंद झाला की मी तशीच उठून गॅलरीत गेले आणि रडले. सरांनी काच दोन मिनिटं पाहिली असेल. "निगेटिव्ह आहे, जा पेढे आण," म्हणाले आणि सही केली.

पेढे आणले. सरांना दिले, शिकवणीच्या बाईंना दिले, फुलपाड्यात शेजारीपाजारी वाटले. बाबा येईल त्याला सांगायचे, "बाहेरचा रिपोर्ट नाही, माझ्या मुलीने स्वतः बघितलंय."

मग टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी लाल व्हायची, अन्न नकोसं व्हायचं, सकाळी गोळ्या घेतल्या की दुपारपर्यंत उलट्या. खोकला जाईना, वजन उतरत चाललं. दर वेळी डॉक्टर म्हणायचे, गोळ्या लागू पडायला वेळ लागतो. घरी मीच पोलीस झाले होते. "बाबा, एक दिवससुद्धा चुकवायची नाही," असं म्हणत मी उभं राहून त्यांच्याकडून गोळ्या गिळवायचे. आठव्या महिन्यात त्यांची पाठ इतकी दुखायला लागली की त्यांना खाली वाकून चप्पल घालता येईना. छातीच्या डॉक्टरांनी स्कॅन करायला लावला आणि तो बघून आम्हाला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. जुना मेणाचा ठोकळा आणि जुन्या काचा घेऊन या, असं तिथून सांगितलं.

तिथल्या पॅथॉलॉजीच्या मॅडम वयाने माझ्याएवढ्याच असतील. दोघांना एकदम बघता येईल असा त्यांचा मायक्रोस्कोप होता. मी लॅबमध्ये काम करते म्हटल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. आमची निळी काच लावली आणि ती सरकवत सरकवत तुकड्याच्या कडेला नेली.

"ही कडेची ओळ दिसते? श्वासनळीचं अस्तर आहे. अगदी निरोगी. ह्यात केराटिन असतंच असतं, तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत. मग हे निळं का?"

मी ती ओळ पुन्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली.

"कॅन्सर राहू दे बाजूला. जे रंगायलाच हवं तेच रंगलेलं नाही. म्हणजे तपासणी झालेलीच नाही. कंट्रोल कुठाय ह्याची?"

"लावली नव्हती."

"कुणी केलंय हे?"

"मी."

"आणि पेशंट?"

"माझे वडील."

मॅडमनी त्याच ठोकळ्यातून नवा काप काढायला लावला, कंट्रोल लावली, दुसऱ्या दिवशी मला बोलावून दोन्ही काचा दाखवल्या. कंट्रोल तपकिरी होती. बाबांच्या काचेवर ती कडेची ओळ तपकिरी, आणि तिच्या आत त्या दाबलेल्या संशयास्पद पेशी, पुंजके पुंजके, तपकिरी. आठ महिन्यांपूर्वीही त्या तशाच होत्या. आता ते दुखणं मणक्यात पोचलं होतं आणि ऑपरेशनचा प्रश्नच उरला नव्हता.

आता जे सांगते ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. ती कडेची ओळ मी पहिल्या दिवशीही पाहिली होती. तिच्यावरून माझी नजर गेली होती, आणि काहीतरी चुकतंय असं क्षणभर वाटलंही होतं. श्वासनळीच्या अस्तरात केराटिन असतं हे मला मॅडमनी शिकवायची गरज नव्हती. पण मला निळंच हवं होतं. परक्याची काच असती तर मी कदाचित सरांशी भांडले असते. माझ्या बापाची होती म्हणून मी मुकाट्याने पेढे आणायला गेले. सरांवरचा राग सोपा आहे, तो मी कुठेही काढू शकते. हा राग कुठे काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

सरांवरचा मात्र मी काढला. दोन्ही काचा त्यांच्या टेबलावर ठेवल्या. ते बघून आधी म्हणाले, तुकडाच खराब होता. मग म्हणाले, या वयात ऑपरेशन झेपलं नसतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, बाहेर बोलू नकोस. लॅबचं नाव जाईल. आणि काच तूच केलीयस, विसरू नकोस." त्यांच्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता. तो उचलून मारावासा वाटला, हे मी लपवत नाही.

घरी आल्यावर वेगळाच तमाशा. आई, भाऊ, आत्या असे सगळे स्वयंपाकघरात दार लोटून उभे. ठरलं असं की बाबांना काही सांगायचं नाही. टीबी बिघडलाय म्हणायचं. "त्यांना धक्का बसेल," आत्या म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाला आठ महिने खोट्या रोगाच्या गोळ्या गिळायला लावल्या, त्याला आता मरतानाही खोटंच सांगायचं? मी दार उघडलं आणि बाहेर खाटेवर बसलेल्या बाबांना सगळं सांगितलं. बर्फाच्या पिशवीपासून कडेच्या ओळीपर्यंत. मी ती पाहिली होती, हे सोडून.

बाबा माझ्या डोक्यावरून हात फिरवतील असं मला वाटत होतं, हे कबूल करते. त्यांनी तसं काही केलं नाही. चेहरा कडक झाला. म्हणाले, "त्या गोळ्यांनी मला कुत्र्यासारखं ओकायला लावलंय. आणि तू समोर उभी राहून खायला घालत होतीस."

"हो."

मग त्यांनी विचारलं, "माझ्यानंतर त्या बाटलीतून किती जणांच्या काचा केल्यास?"

ते मी मोजलंच नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त माझा बाप होता.

"छापताना एक चूक सापडली की तेवढी एक प्रत बाजूला काढून भागत नाही," ते म्हणाले. "त्या फर्म्यावर छापलेल्या सगळ्या प्रती बाहेर काढाव्या लागतात. आणि माझ्यासमोर रडू नकोस. जा, काढ."

आमच्याकडे जुने ठोकळे आणि काचा खालच्या दुकानातून आणलेल्या चपलांच्या खोक्यांत ठेवलेले असायचे. आदल्या वर्षीच्या त्या उन्हाळ्यानंतर केराटिन निगेटिव्ह म्हणून दिलेल्या फुप्फुसाच्या सगळ्या काचा मी काढल्या. फक्त कडा बघत गेले. जिथे अस्तराची ओळ निळी दिसली, तो ठोकळा बाजूला ठेवला. मुंबईच्या मॅडमनी त्यांच्याकडचे थेंब दिले, आणि त्यांच्याच लॅबमध्ये, कंट्रोल लावून, मी सुट्टीच्या दिवशी ते काप पुन्हा केले. बाबांचा सोडून आणखी तीन तपकिरी झाले.

सर म्हणाले, "मी त्या त्या डॉक्टरांना फोन करतो, तू यात पडू नकोस." आठवड्याने विचारलं तर म्हणाले, "करतो गं, सध्या गडबड आहे." मी रजिस्टरमधून तीन पत्ते उतरवून घेतले, किल्ली त्यांच्या टेबलावर टाकली आणि परत त्या जिन्याला पाय लावला नाही.

पहिला माणूस आमच्या रिपोर्टवर न थांबता आधीच मुंबईला गेला होता आणि त्याचे उपचार चालू होते. त्याच्या मुलाने मला जिन्यावर उभी करून शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या, त्याचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्या बाई नालासोपाऱ्याच्या. त्यांचा नवरा मी सांगितलेलं सगळं लिहून घेत होता, आणि दुसऱ्याच दिवशी ठोकळा घेऊन हॉस्पिटलात गेला. बाबा दर संध्याकाळी विचारायचे, "गेलीस का?" एवढंच विचारायचे. दुसरं काही माझ्याशी बोलत नव्हते.

तिसरा पत्ता गास गावचा होता. केळीच्या वाडीतून आत जाणारी वाट, पुढे कौलारू घर, दारावर क्रूस. पेशंटची बायको असावी अशा एक मावशी ओट्यावर बसून अबोलीची फुलं निवडत होत्या. माणिकपूरच्या लॅबमधून आलेय म्हटल्यावर त्यांनी फुलांची टोपली बाजूला केली आणि मला बसायला जागा दिली.

"ते तर गेले, बाई," त्या म्हणाल्या. "चर्चमध्ये महिन्याची मिस्सा पण झाली. टीबी होता ना त्यांना."

मी तिथेच परत फिरू शकले असते. चहा घेऊन, वाईट वाटलं असं सांगून. दोन मिनिटं मी तसंच करायचं ठरवलंही होतं. पण घरी गेल्यावर बाबा विचारणार होते, आणि मला आता कुणाशीच खोटं बोलायचं नव्हतं. मी सांगितलं की तो रिपोर्ट चुकीचा होता. तो मीच केला होता. त्यांना टीबी नव्हता, कॅन्सर होता.

त्या चिडतील, ओरडतील, वाडीतून माणसं बोलावतील, या सगळ्याची मी तयारी केली होती. त्यांनी वेगळंच विचारलं.

"म्हणजे लागणारा रोग नव्हता?"

"नव्हता. कॅन्सर कुणाला लागत नाही."

आतून एक चार-पाच वर्षांची मुलगी धावत आली आणि त्यांच्या मांडीवर बसली. त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरलं.

"हिला मी सात महिने त्यांच्या खोलीत जाऊ दिलं नाही," त्या म्हणाल्या. "आजोबा हाका मारायचे, ही रडायची, मी हिला ओढून आणायची. जायच्या दिवशी त्यांनी हात पुढे केला होता. मी हिला दारातूनच दाखवली."